शेवटच्या रिळाआधी उठलेली बाई

बारामती,
६ जानेवारी २०२५

प्रिय द्वारके,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिसतात आणि पुढे काही नाही. म्हणून शेवटी पोस्टात गेले आणि पाकीट आणलं. घरात बसून माणसाने किती वेळा त्याच त्या निळ्या खुणा बघायच्या?

आधी कामाचं लिहिते. रविवारी ९ फेब्रुवारीला इथल्या वाचनालयाच्या सभागृहात 'नऊ पाहुणे' दाखवणार आहेत. होय, आपला 'नऊ पाहुणे'. कुणीतरी जुनी प्रिंट साफसूफ करून नवी केली आहे म्हणे. आणि सिनेमा सुरू होण्याआधी त्याचं रसग्रहण म्हणून मी बोलायचं आहे. सारी हयात भूमिती शिकवलेल्या बाईला सिनेमावर बोलायला बोलावलं, यावर आमचा रमाकांत दोन दिवस हसत होता. हसू दे. हा सिनेमा म्हणजे भूमितीच आहे, हे मी तुला कॉलेजात असतानाच सांगितलं होतं. आपण मॅटिनीला गेलो होतो, आणि तू उत्कंठेने माझ्याच मनगटाला चावली होतीस. हॉस्टेलपर्यंत भांडत आलो, की खुनी कोण हे आधी कुणी ओळखलं.

तू ये. तुझ्याशिवाय हा सिनेमा मी थिएटरात कधी बघितलेला नाही.

त्या दिवशी वरकुट्यात तुमच्या घरी जे झालं त्याबद्दल या पत्रात अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसले होते. पण मला सांग, माझं चुकलं कुठे?

सोनमचं अकलूजला ठरलेलं लग्न मोडलं. मुलाच्या चुलत्याने तुझ्या यजमानांना, विजयसिंहरावांना फोन केला, की तुमच्याच घरातून कुणा बाईमाणसाचा आम्हाला फोन आला होता, आता आम्हाला पुढे जायचं नाही. तू रडत मला म्हणालीस, "मंदे, घरातल्याच कुणीतरी माझ्या लेकीच्या वाटंत काटं पेरलं. तू ये." तू बोलावलंस, द्वारके. मी आपण होऊन आले नव्हते.

सगळ्यांना हॉलमध्ये बसवा असं मी म्हटलं, हे कबूल. विजयसिंहराव, तुझा लेक राजवर्धन, सूनबाई रेश्मा, तुझी नणंद गोजरबाई, सोनम, तू. चुलता फोनवर नेमकं काय म्हणाला ते विजयसिंहरावांनी फक्त आपल्या दोघींना सांगितलं होतं. 'पोरीचं मन नाही, तिच्यावर जबरदस्ती चालली आहे,' असं त्या बाईने कळवलं होतं. बाकी घराला एवढंच ठाऊक, की फोन गेला आणि मोडलं. आणि मी एकेकाला विचारत रेश्मापाशी आले, तर ती काय म्हणाली? "पोरीचं मन न्हाय असं कुणी सांगितलं असंल, तर त्यात खोटं काय सांगितलं?"

मी विचारलं, "रेश्मा, मन नाही असं सांगितलं, हे तुला कुठून कळलं?"

ती गप्प. पार गप्प. भूमितीत याला सिद्धता म्हणतात. शिवाय कारणही होतं. तिच्या मावसभावाचं स्थळ तुम्ही सोनमसाठी नाकारलं होतं, ते तिच्या मनात असणार. मी तसं बोलले. ती उठली, आत जाऊन चिमुरडीला कडेवर घेतलं आणि राजवर्धनला म्हणाली, "मला निरवांगीला सोडा." तो जागचा हलला नाही, तेव्हा एकटीच माहेरी निघून गेली.

आणि दुसऱ्या दिवशी तू मला म्हणालीस, "तुझ्या पिच्चरपायी माझं घर मोडलं." म्हणजे केलं तिने आणि मोडलं मी. हे कुठलं गणित?

उत्तर पाठव. नऊ तारखेला ये.

तुझी
मंदाकिनी

बारामती,
१६ जानेवारी २०२५

प्रिय द्वारके,

संक्रांतीचा तिळगूळ मी डब्यात घालून वरकुट्याच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला होता. डबा परत आला. नुसता परत आला असता तरी चाललं असतं, पण तिळगूळ त्यात तसाच होता. एकही वडी खाल्ली नाहीस? गोजरबाईंनीसुद्धा? त्यांना तर दात नसले तरी चालतं. मी ओट्यापाशी उभी राहून त्या वड्या बघत बसले, आणि रमाकांत मागून म्हणाला, "तू आता हा विषय सोड." याच माणसाने लग्नानंतर मला पहिल्यांदा सिनेमाला नेलं तेव्हा मध्यंतरात खुनी सांगून टाकला होता. त्याने मला काय सोडायचं आणि काय धरायचं ते शिकवू नये.

परवा खताच्या दुकानापाशी राजवर्धन भेटला. ट्रॅक्टरचा कुठलासा पार्ट न्यायला आला होता. मला बघून तोंड फिरवेल असं वाटलं, पण नाही. पाया पडला. तुम्ही वळण चांगलं लावलं आहे. मी विचारलं, "रेश्मा आली का रे?"

"न्हाय."

"तू आणायला गेलास का?"

"गेलतो. येत न्हाय म्हणली. का केलंस इचारलं, तर म्हणती, केलं न केलं काय सांगायचं न्हाय मला." मग म्हणाला, "मावशी, राग मानू नका. पण पिच्चर बघायचा तर बघावा की माणसानं. आमच्या हॉलमदी कशाला करायचा?"

आणि तो ट्रॅक्टरकडे निघून गेला. वर्गात साठ पोरांपुढे माझं उत्तर कधी अडलं नाही, आणि इथे तो गेल्यावर सगळी उत्तरं सुचली. खरं शोधून द्या म्हणून मलाच बोलावलं होतंत. खरं निघाल्यावर ते कुणालाच नको होतं. सगळ्यांना सोनमचं भलं हवं, पण तिचं वाईट कुणी केलं ते मात्र बोलायचं नाही. मग मला बोलावलं कशाला, चहाला?

सोनमबद्दलही तो बोलला. विजयसिंहराव दुसरं स्थळ बघतायत आणि फेब्रुवारीअखेर लॅबची नोकरी सोड म्हणालेत. रोज स्कूटीवर इंदापूरला जाते, त्यामुळे लोक बोलतात म्हणे. लोक काय बोलतात ते विचारायचं राहून गेलं.

मी पत्रं लिहीत राहणार आहे. तू डबे परत पाठवत राहा.

मंदाकिनी

बारामती,
२५ जानेवारी २०२५

प्रिय द्वारके,

आज फक्त सिनेमाबद्दल लिहिणार आहे, कारण इथे कुणाशी बोलायची सोय उरलेली नाही.

वाचनालयाच्या कार्यवाहांनी विचारलं, "मॅडम, यात गाणी किती?" मी म्हटलं, एकही नाही. ते म्हणाले, "मग लोक बसतील का?" पोस्टर केलं ते बघून तर मी खुर्चीतच बसले. रक्ताने माखलेला सुरा. अहो, सिनेमात विष घातलंय. सुरा कुठून आणला? तर म्हणे सुरा असला की मर्डर आहे ते लांबून कळतं. आणि वाचनालयाच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी खुन्याचं नावच टाकलं, वर 'जुन्या आठवणी' म्हणून हसरा चेहरा. मी फोन करून ते काढायला लावलं. तोवर सत्तर जणांनी वाचलं होतं.

मी मात्र ते नाव लिहिणार नाही, तुलाही नाही.

भाषणाच्या तयारीसाठी गेल्या आठवड्यात मी सिनेमा घरी टीव्हीवर दोनदा बघितला. पहिल्या वेळी नेहमीसारखा. पावसात घाटाची दरड कोसळलेली, बंगल्यात अडकलेले नऊ पाहुणे, जेवणाच्या टेबलावर मेलेला मालक, आणि सर्दीने शिंकणारा, सुट्टीवरचा सब-इन्स्पेक्टर. तुला सांगते, हा सिनेमा लोकांना नीट कळलेलाच नाही. ते म्हणतात, वा, त्या काळचे सगळे बडे नट एका पडद्यावर. म्हणजे जणू जत्रेतली आरास. अगं, ते बडे नट घेतले त्यातच तर सगळी मेख आहे. एरवी आपण खुनी ओळखतो तो चेहऱ्यावरून नाही, नटाच्या वजनावरून ओळखतो. अमका नेहमी खलनायक, तमकी नेहमी सोसणारी आई, आणि अनोळखी चेहरा असेल तर तो दुसऱ्या रिळात मरणार. इथे नऊच्या नऊ जण मोठे. डोळ्याला टेकायला जागाच नाही. ज्याच्या नाचावर पोरी जीव टाकायच्या तो नट एका कोपऱ्यात बसून संत्रं सोलतो, अख्खा प्रसंग, एक शब्द न बोलता. दुसऱ्या कुठल्या दिग्दर्शकाने त्याला नुसतं संत्रं सोलायला बसवलं असतं? आणि ट्रे फिरतो त्या प्रसंगात कॅमेरा माणसांमागे जात नाही, कपामागे जातो. मी प्रत्येक वेळी श्वास धरते.

दुसऱ्या वेळी काय झालं ते ऐक. शेवटच्या रिळाच्या आधी सगळे मिळून त्या नर्सला धरतात, आठवतं? मालकाची नर्स. पाहुण्यांत ती नाही, स्टारही नाही. पाट्यांमध्ये तिचं नाव 'आणि इतर' मध्ये येतं. इन्स्पेक्टरने तिला विचारलेलं असतं, दार आतून बंद होतं हे तुला कसं कळलं? आणि ती गप्प बसते. आपण तेव्हा नेहमी इन्स्पेक्टरकडे बघतो, कारण तो आता काय बोलणार याची आपल्याला घाई असते. या वेळी रमाकांत मध्येच चहा मागायला आला म्हणून मी चित्र थांबवलं, आणि पडद्यावर त्या नर्सचं तोंड तसंच थांबलं.

द्वारके, ती घाबरलेली नाही. चिडलेलीही नाही. ती खोलीतल्या दुसऱ्याच कुणाकडे तरी बघते आहे, 'तू बोलू नकोस' अशा नजरेने. मालकाच्या धाकट्या मुलीकडे. ती मुलगी त्या वेळी आतली कडी काढून बाहेर गेलेली असते, आणि ते तिने एकट्या नर्सला सांगितलेलं असतं. पुढे इन्स्पेक्टर हे सगळं सांगतो, पण आपण तोवर खुन्याच्या नादात असतो. इतकी वर्षं मी ही नजर बघितलीच नव्हती.

मग मी ते थांबवलेलं चित्र बघत बसले. चहा रमाकांतने स्वतः केला.

मी सोमवारी निरवांगीला जाणार आहे. का, ते विचारू नकोस. विचारणार नाहीसच म्हणा.

मंदाकिनी

बारामती,
२९ जानेवारी २०२५

प्रिय सोनम,

हे पत्र लॅबच्या पत्त्यावर पाठवते आहे, घरी नाही. तुझ्या हातात पडेल तेव्हा एकटी असताना वाच.

सोमवारी मी निरवांगीला रेश्माकडे गेले होते. जंक्शनच्या फाट्यावर उतरून पुढची गाडी मिळेना, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला होता. पोचले तेव्हा रेश्मा अंगणात मुलीची वेणी घालत होती. मला बघून उठली, पाणी दिलं आणि म्हणाली, "आता कुणाला शोधायला आला, मावशी?"

हे मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "रेश्मा, तो फोन तू केला नव्हतास."

ती वेणीच घालत राहिली.

"फोन सोनमने स्वतःच केला. अकलूजला, आवाज बदलून की न बदलता ते मला माहीत नाही. आणि तुला तिने आधी किंवा नंतर सांगितलं. म्हणून फोनवर काय बोलणं झालं ते तुला ठाऊक होतं. मी विचारलं तेव्हा तू तिच्याकडे बघितलंस, आणि मी ते पाहिलं नाही."

तेव्हा तिने वर बघितलं. म्हणाली, "ती बोलायलाच निघालती. मी तिचं मनगट धरून ठिवलं. मामंजींचा राग तुमाला ठाव न्हाय. त्यांनी तिची नोकरी त्याच दिवशी बंद केली असती, आन् पंधरा दिसांत कुणाच्या बी गळ्यात बांधली असती. माझं काय, मला माहेर हाय."

मी म्हटलं, "मी आजच वरकुट्याला जाते आणि सांगते सगळ्यांना."

यावर ती जे बोलली ते मी तुला जसंच्या तसं सांगते. "मावशी, एकदा सांगितलंत तेवढं बास झालं. आता तरी गप बसा. ते तिचं हाय. तिला सांगू द्या."

सोनम, मला हे किती जड जातंय ते तुला समजणार नाही. मला खरं कळलंय, पुरतं कळलंय, आणि मी ते बोलू शकत नाही. गुडघेदुखी परवडली. तू वडिलांना दोनदा सांगितलंस की नोकरी सोडायला लावणारं घर मला नको, आणि त्यांनी 'तितं गेल्यावर बघू' म्हणून विषय मिटवला, हेही रेश्माने सांगितलं. त्यामुळे तू फोन केलास यात मला चूक दिसत नाही. पण तुझ्यासाठी तुझी वहिनी घर सोडून बसली आहे आणि तू रोज स्कूटी काढून कामाला जाते आहेस, यात मात्र दिसते.

मी तुझ्या आईला सांगणार नाही. शब्द दिलाय. पण तू सांग.

तुझी
मंदामावशी

बारामती,
१ फेब्रुवारी २०२५

प्रिय द्वारके,

छोटं लिहिते.

तो फोन रेश्माने केलेला नाही. मी हॉलमध्ये जे बोलले ते चूक होतं. पायरी पायरीने बरोबर होतं आणि तरी उत्तर चुकलं, असं भूमितीत होत नाही, पण झालं.

मग कुणी केला, हे तू विचारशील. मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. उभ्या जन्मात मी कुणाला उत्तर माहीत असून सांगितलं नाही असं झालेलं नाही.

एवढंच मागते, की नऊ तारखेला ये. बाकी काही नाही. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

मंदाकिनी

बारामती,
१० फेब्रुवारी २०२५

द्वारका,

तू आलीस आणि गेलीस.

मी तुला बघितलं. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, हिरव्या साडीत. माझं भाषण सुरू होतं आणि तू आत आलीस. मी क्षणभर अडखळले, लोकांना वाटलं कागद हरवला. मी भाषणात खुनी कोण, विष कुठून, सुगावा कोणता, यातलं काहीच बोलले नाही. तयार केलेलं सगळं बाजूला ठेवलं. म्हटलं, ज्यांनी हा सिनेमा आधी बघितलाय त्यांनी आज इन्स्पेक्टरकडे बघू नका, तो बोलतो म्हणून आपण त्याच्याकडे बघतो. आज त्या नर्सकडे बघा. सगळे तिला दोष देत असतात तेव्हा ती कुणाकडे बघते ते बघा. बिनदोषी माणूस गप्प का बसतो, हा या सिनेमातला खरा प्रश्न आहे.

कार्यवाह खालून घड्याळ दाखवत होते. टाळ्या बेताच्याच पडल्या. एका गृहस्थांनी मागाहून सांगितलं, मॅडम, कलाकारांबद्दल दोन शब्द बोलायला हवे होते.

ते भाषण त्या लोकांसाठी नव्हतंच.

आणि तू काय केलंस? नर्सला सगळ्यांनी घेरलं, तो प्रसंग संपला, पडदा काळा झाला, आता शेवटचं रीळ. माणसं खुर्चीत पुढे सरकली. आणि मागचं दार उघडलं आणि उजेड आत आला. मी वळून बघितलं तर तू बाहेर चालली होतीस. 'नऊ पाहुणे' चं शेवटचं रीळ सोडून कोण उठतं? मी माझ्या जागेवरून उठून दारापर्यंत आले, तोवर तू रिक्षात बसून गेलीस.

मला पार अपमान झाल्यासारखं वाटलं. मी आत येऊन शेवट बघितला. पहिल्यांदाच त्यात माझं लक्ष लागलं नाही. खुनी पकडला गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी विचार करत होते, की ही बाई माझ्यावर इतकी रागावली आहे, की माझ्याबरोबर एका छताखाली शेवटची पंधरा मिनिटंही तिला बसवलं नाही.

तसं असेल तर राहू दे. यानंतर मी पत्र लिहिणार नाही. इतकं एकतर्फी मला जमत नाही.

मंदाकिनी

वरकुटे,
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय मंदे,

मी शुद्ध लिहायचं सोडून किती वर्सं झाली. बोलते तसंच लिहिते, तुझं तू लाल शाईनं दुरुस्त करून घे.

तुझी सगळी पत्रं मिळाली. तिळगूळ परत पाठवला तो मी न्हाय, आमच्या ह्यांनी. मला नंतर कळलं. तो एक राग सोड.

रविवारी मी तुझ्यावर रुसून उठले न्हाय. तू सांगितलंस तसं त्या नर्सकडं बघत बसले. सगळी तिला बोलत हुती आन् ती त्या पोरीकडं बघत हुती. मी म्हणलं, ही नजर मी बघितलीया. माझ्याच हॉलमदी बघितलीया. रेश्मा सोनमकडं अशीच बघत हुती, आन् तवा मला वाटलं, ही नणंदेवर डोळं वटारती. मंदे, मी पिशवी उचलली. पुढं खुनी कोन ते बघायला मी कशाला बसू? ते तर मला ठाव हाय. जिच्यासाठी नर्स गप बसली ती माझ्याच पोटची पोर, हे मला तितं बसल्या बसल्या कळलं. मला गाडी गाठायची हुती.

जंक्शनला उतरले आन् तितनं एका ओळखीच्याच्या जीपमदी निरवांगीला गेले. रेश्माच्या आईनं दारातच अडवलं, म्हणाली, "आता काय राहिलंय?" मी म्हणलं, "मी तिला न्यायला आलीया, इचारायला न्हाय." मग आत घेतलं. रेश्माला मी काय बोलले ते लिहीत न्हाय. ते आमच्या दोघींचं हाय. तिनं दोनच गोष्टी सांगितल्या. सोनमला कुणी ओरडायचं न्हाय आन् ह्यांनी रेश्माची माफी मागायची न्हाय, कारण तशी मागितली तर ते सारं आयुष्य तिला ते ऐकवतील. शहाणी हाय माझी सून. मला ते इतक्या वर्सांत कळलं न्हवतं.

रेश्माला घेऊन मी घरी आले, तवा सोनमनं आपणहून सांगितलं. आमी काय इचारलं न्हाय. राजूला, गोजरबाईंना, ह्यांना, सगळ्यांसमोर, उभं राहून. तुझं पत्र तिच्या पर्समदी हुतं, ते बी सांगितलं. म्हणाली, मावशीनं मला वेळ दिला, म्हणून मी आज बोलते. तू इतकं दिवस गप बसलीस, मंदे? तू? मला ह्याचं लई नवल वाटलं. तेवढ्यावर तुझ्यावरचा निम्मा राग मी सोडला. निम्मा हाय अजून. हॉलमदी सगळ्यांदेखत तू त्या पोरीच्या मावसभावाचं काढलंस, ते मी इसरत न्हाय, आन् तू बी इसरू नको.

आता ह्यांचं सांगते. सोनमचं ऐकलं आन् एक शब्द बोलले न्हाईत. ताट तसंच ठिवून उठले, बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी बी बोलले न्हाईत. रेश्माशी न्हाय, लेकीशी न्हाय, माझ्याशी न्हाय. राजू म्हणाला, पप्पा, कायतरी बोला. तर उसाला पाणी सोडायचं हाय म्हणून निघून गेले. मला भ्या वाटत हुतं. सोनमनं नोकरी सोडायची चिट्ठी लिहून ठिवली हुती, की ते बोलायच्या आधी आपणच देऊन टाकावी.

परवा सकाळी मी चूल पेटवत हुते. बाहेर स्कूटीचा आवाज आला. मला वाटलं सोनम निघाली चिट्ठी द्यायला. बघते तर सोनम दारातच उभी, आन् स्कूटीवर हे. ह्या माणसानं आयुष्यात स्कूटीवर पाय ठिवला न्हाय, म्हणतो ती बायकांची गाडी हाय. धोतर वर खोचलेलं, दोन्ही पाय जमिनीला टेकलेलं.

मी म्हणलं, "आवो, कुठं निघाला?"

माझ्याकडं बघितलं न्हाय. म्हणाले, "हिच्या गाडीत पेट्रोल न्हाय. इंदापूरच्या अर्ध्या वाटंत बंद पडंल ती."

तुझी
द्वारका